अर्धाच नेमलेला धडा

आमच्या शहापूरच्या कॉलेजात लेखिका यायच्या त्या परीक्षा तोंडावर आली की. तीन घटक पुरुषांचे आणि चौथा बायकांचा, असा तो मराठीचा अभ्यासक्रम. पहिला घटक सर चवीचवीनं चघळायचे. दुसऱ्यातल्या कविता वाचताना त्यांचा गळा दाटून यायचा. चौथा यायच्या आत भातकापणी यायची, निम्मा वर्ग शेतावर, आणि उरलेल्यांना सर डस्टर हातात घेऊन सांगायचे, "हा ऑप्शनला टाका."

ज्यांनी परीक्षा दिल्यात त्यांना हे समजावायला नको. प्रत्येक प्रश्नाखाली 'किंवा' असतं, त्यामुळे एक घटक न वाचताही पेपर पुरा सोडवता येतो. तो न वाचायचा घटक कोणता हे पोरं ठरवत नाहीत, सर ठरवतात. दरवर्षी तो बायकांचाच निघतो. याला योगायोग म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, मी काही भांडत बसणार नाही.

आणि त्या घटकात तरी कोण होत्या? एक संत. एक कुणा थोर माणसाची पत्नी, जिनं नवऱ्याच्या आठवणी लिहिल्या. आणि जात्यावरच्या चार ओव्या, खाली 'पारंपरिक' असं छापलेलं. आमच्या डोळखांबकडच्या बायका ओव्या स्वतः जोडायच्या, एकमेकींच्या ओव्यांत खोट काढायच्या, कुठली कुणाची हे अख्ख्या गावाला ठाऊक असायचं. कॉलेजात पोचल्यावर त्या पारंपरिक झाल्या. बाईनं देवाची व्हावं, नाहीतर नवऱ्याची व्हावं, नाहीतर कुणीच नसावं, तेव्हा कुठे तिला चौथ्या घटकात पाट मांडून मिळतो.

मी तिथूनच शिकून बाहेर पडले, मुरबाडकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले. शाळा सुटली की लिहायचे. होता होता एक पुस्तक झालं. त्यातलं एक प्रकरण आईचं.

आईची ती गोष्ट अशी. आवणीचे दिवस, म्हणजे भाताची रोपं खाचरात लावायचे. आई तापानं फणफणलेली, तरी चिखलात वाकलेली. आमच्याकडे बायका ओळीनं उभ्या राहून मागे सरकत रोपं लावतात. मधूनच ओळ सोडून कुणी उठत नाही. उठली तर तिची जागा उघडी पडते आणि सगळ्या शिवाराला दिसतं की अमक्याची बायको उठली. त्या दिवशी माझा मोठा काका बांधावरून बोलला, "ताप काय बैलालाबी येतो, म्हनून कोनी नांगर सोडत नाय." आईनं हातातली रोपांची मूठ खाली टाकली. ओळीतून उठली, बांधावर आली, माझा हात धरला आणि माहेरची वाट धरली, पायाचा चिखलही न धुता. कापणी होईस्तोवर परतली नाही. बाबा चालत तिला आणायला गेले तेव्हा तिनं एक अट घातली: ओढ्याकडचं खाचर तिचं, त्यातलं भात तीच लावणार, तीच विकणार. बाबा कबूल झाले. गावात आजही त्याला तिचं खाचर म्हणतात.

मला लिहायचं होतं ते हे उठणं. ताप तर तेव्हा घरोघरच्या बाईला यायचा.

तीन-चार वर्षांपूर्वी कॉलेजातून फोन आला. तेच सर, आता विभागप्रमुख. "तुमचं आईवरचं प्रकरण आम्ही नेमलंय. आपल्याच कॉलेजची विद्यार्थिनी, आम्हाला अभिमान आहे." नव्या पद्धतीत काही धडे कॉलेजच निवडतं, त्यात मी लागले होते. खोटं कशाला बोलू, हरखून गेले. शाळेत पेढे वाटले. डोळखांबला जाऊन आईला सांगितलं की आता कॉलेजातली पोरं तुझी गोष्ट शिकणार. आई म्हणाली, "काकाचीबी सांगशील का?" म्हटलं, सगळीच. ती पुष्कळ दिवसांनी मनापासून हसली. काका केव्हाच वारला होता, पण हिशेब आईच्या मनात ताजा होता.

माझ्या भावाची मुलगी त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. आईजवळच राहायची, एसटीनं शहापूरला जायची. तिनंच नेमलेलं पुस्तक आणून दाखवलं. "आत्या, हे एवडंच हाय का?"

धडा आई चिखलात वाकलेली असताना संपत होता. अंगात ताप, हातात मूठ, पूर्णविराम. काका नाही, माहेर नाही, खाचर नाही. खाली स्वाध्याय: 'लेखिकेच्या आईच्या त्यागाचे चित्रण तुमच्या शब्दांत लिहा.' बाजारातल्या गाईडात उत्तरही तयार होतं, की ही माउली म्हणजे सहनशीलतेची मूर्ती. माझी आई आणि सहनशीलता! तिच्या तोंडाला गाव टरकून असतं.

महिला दिनाला कॉलेजनं मला बोलावलं. शाल, नारळ, रोपटं. कार्यक्रम झाल्यावर चहा पिताना मी सरांना विचारलंच, "सर, धडा अर्धाच का?"

"अहो, पानांची मर्यादा असते."

"पहिल्या घटकातल्या लेखकाला पानांची मर्यादा नाही वाटतं."

सर हसले. माझा आवाज चढला तरी त्यांचा चढला नाही, हेच मला जास्त लागलं. म्हणाले, "हे बघा, कष्टाचा भाग अतिशय हृद्य आहे. पुढे आई उभं शेत टाकून जाते, त्यानं परिणाम बिघडतो. वर्गात पोरी असतात, त्यांचे पालक असतात. आणि तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका. तसाही तो घटक पोरं ऑप्शनला टाकतात."

आता बोला. शाल अंगावर तशीच घेऊन मी एसटी स्टँडवर आले. भाची सोडायला आली होती. मी तिला सगळं सांगितलं, नको तेवढ्या आवाजात; आजूबाजूची माणसं बघायला लागली. ती म्हणाली, "आत्या, मी नाय टाकत ऑप्शनला. मी लिवते. पुरी गोष्ट लिवते, आजी उठली तितपर्यंत." मी तिला माझं पुस्तक दिलं. आईकडून तिनं पुन्हा सगळं ऐकून घेतलं, काकाच्या शब्दासकट. आई तिला रोज विचारायची, "झाली का गो परीक्षा?" म्हातारीला भारी घाई. आपली बाजू कुठेतरी लिहून दिली जाणार, सरकारी शिक्क्याच्या कागदावर, असं काहीतरी तिनं धरलं होतं. मीही तेच धरलं होतं, मला कशाला वेगळी काढू?

पेपर झाला त्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकून डोळखांबला गेले. आई ओटीवर वाल सोलत बसली होती. भाची आली, बॅग ठेवली, पाणी प्यायली, माझ्याकडे काही बघेना.

"आला का प्रश्न?" मी विचारलं.

"आला. त्यागाचाच आला."

"मग?"

"लिवला."

"पूर्ण?"

तिनं वाल सोलायला घेतले. मूठभर सोलले आणि एकदम बोलली, "आत्या, पेपर तू नाय तपासणार, सर तपासणार. सरांनी वर्गात सांगितलं, पुस्तकाबाहेरचं लिवाल तर मार्क नाय. बाबांनी सांगून ठेवलंय, फर्स्ट क्लास आला तर शिकवीन, नाय तर पाहुने बघायला येतील. मी गाईडातलं लिवलं. चांगलं लिवलं." तिचा आवाज फुटला, पण रडली नाही. आजीची नात आहे.

मला तिचा राग आला. मग तिच्या बापाचा, म्हणजे माझ्याच भावाचा. मग सरांचा. शेवटी कुणाचाच धड आला नाही. पोरीला काय बोलणार? तिला शिकायचं होतं, आणि शिकायचं तर आजीला चिखलात ठेवणं भाग होतं. तिच्या जागी मी काय वेगळं केलं असतं, देव जाणे.

आई ऐकत होती. 'गाईड' तिला कळलं नसेल, बाकी सगळं कळलं.

"काय लिवलंस माज्याबद्दल?"

"तू किती सोसलंस, ते."

"आनि उठले ते?"

"ते धड्यात नाय, आजी."

आईनं सोललेले वाल सुपात सारखे केले. टरफलं एका बाजूला लोटली.

"म्हंजे मी अजून त्याच चिखलात हाय म्हन की," ती म्हणाली, आणि सूप उचलून आत गेली.

भाचीला फर्स्ट क्लास मिळाला. धडा अजून नेमलेला आहे.