केचपची पुडी

शिकागोत हॉटडॉगच्या गाडीवर काल एका नवख्या बाईनं केचप मागितलं. गाडीवाला म्हातारा सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "केचप लहान पोरं खातात, बाई." रांग हसली. बाई खाली बघू लागली.

बावीस वर्षांपूर्वी याच माणसानं माझ्या नवऱ्याला हेच ऐकवलं होतं. त्यानंतर ह्यांनी या देशात कुणाकडे काही मागितलं नाही, अगदी देवाघरी जाईपर्यंत.

या शहराचा तो रिवाजच आहे. हॉटडॉगवर मोहरीचा सॉस, कांदा, लोणच्यातली काकडी, मिरच्या, टोमॅटोच्या फोडीसुद्धा चालतात. टोमॅटोचं केचप तेवढं चालत नाही. आणि यातलं इथलं काय? सॉसेज जर्मन लोकांनी आणलं, वरचं एकेक मागून आलेल्यांनी चढवलं. म्हाताऱ्याचा बापही बोटीतूनच उतरलेला. तोच कौतुकानं सांगतो. पण स्वतः आत शिरलं की माणूस आधी दाराला कडी घालतो.

माझ्या पर्समध्ये केचपच्या पुड्या असतात. दर शुक्रवारी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून मी एक अख्खी पुडी हॉटडॉगवर पिळते. तो तोंड फिरवतो. माझा आठवडा बरा जातो.

काल एक पुडी माझ्या हॉटडॉगवर पिळून दुसरी मी त्या बाईच्या हातात ठेवली. "इथंच फोडा, त्याच्यासमोर."

तिनं फोडली. खाता खाता हसून म्हणाली, "तुम्हालाही फार आवडतं वाटतं?"

"छे हो," मी म्हटलं, "मला तर वासानंच मळमळतं."

आणि पुढचा घास घेतला.