आमटीतला गूळ

दुबईत, सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या फ्लॅटमधली बाई कुठलाही विषय ‘खलास’ म्हणून मिटवते. एसी बिघडला, खलास. मुलीनं इंग्रजीत उलट उत्तर दिलं, खलास. घटस्फोटाचंही तिनं मला एवढ्याच शब्दात सांगितलं आणि ऑफिसला निघून गेली. मला तिचा धाकच वाटायचा.

नवरा वेगळा झाला, पण त्याची आई दर हिवाळ्यात साताऱ्याहून हिच्याकडेच येते. तिला कायमची ठेवून घ्यायला ही रेसिडेन्स व्हिसासाठी गेली, तेव्हा घटस्फोटानंतर सासू हे नातं धरत नाहीत, असं तिला काउंटरवर सांगण्यात आलं. मग काय, दर वर्षी व्हिजिट व्हिसा. तो संपला की म्हातारी परत.

परवा दोघी एअरपोर्टला निघाल्या होत्या. लिफ्टमध्ये मी भेटले. सासूबाईंना कमी ऐकू येतं म्हणून मी बेधडक विचारलं, “आता कायद्यानं तुमच्यावर काही जबाबदारी नाही. मग एवढं कशाला करता?”

आता खलास ऐकायचं, म्हणून मी तयारच होते. तेवढ्यात म्हातारी माझ्याकडे वळली. “ही पुण्याची. आजपण आमटीत गूळ जास्त. लग्न झाल्यापासून सांगतेय, ऐकेल तर शपथ.”

बाईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सासूच्या स्वेटरचं वरचं बटण लावत ती तिच्या कानाशी वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, “परत आलात की कमी घालीन, आई.”