बोलमावशीचे तयार बोल

बोलमावशी गुणगुणायला लागली की आमच्या जानेफळातले लोक आपापल्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडाकडे बघू लागत. गावात कुणी गेलं की पहिला गळा तिचा. गेलेल्याची हौस, त्याचा राग, अर्धं राहिलेलं काम, सगळं ती बोलांत गुंफायची आणि बाकीच्या बायका मागून सूर धरायच्या. असे बोल ऐनवेळी सुचत नाहीत, म्हणून माणूस जिवंत असतानाच ती ते जुळवून ठेवायची. तूर निवडताना ओठ हलत असायचे. कुणासाठी, हे विचारायची छाती कुणाला नव्हती.

गावात जिचं कुणाशीच पटलं नाही अशी एक म्हातारी गेली, तेव्हा मावशीने तिच्या शिव्यांचेच बोल केले होते. "आता आमच्या कोंबड्यांले शिव्या कोन देईन वं माय, कोंबड्या तुह्या दारात उभ्या!" जन्मभर सासूशी भांडलेली सून तिथेच मटकन बसली. मावशी म्हणायची, "घरचे तं रडतातच. शेजारचा कोरडा आला अन् ओला होऊन गेला, तवा बोल खरे." मी देऊळगाव राजाला कॉलेजात मराठी शिकवते. साहित्य म्हणजे काय, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते, पण मला मनापासून पटलेली व्याख्या हीच.

तिचा एक नियम मात्र कडक होता. घरात मढं नसताना बोल मोठ्यानं म्हणायचे नाहीत. "मोठ्यानं म्हटले का ते मानूस मांगतात," ती म्हणायची.

मागच्या हिवाळ्यात आईने अंथरूण धरलं. मावशी रोज येऊन तिच्या उशाशी बसायची. एकदा मी मावशीच्या घरी गेले, तर दारातच गुणगुणणं कानावर आलं. त्यात पेरूचं झाड होतं, पोपट होते, पत्र्याचा डबा वाजवून त्यांना हाकलणारी बाई होती. ती बाई माझी आई.

"मावशी, कोणाचे बोल?"

"चाल घरात," ती म्हणाली, "भाकर जळून राह्यली."

त्याच महिन्यात आमच्या कॉलेजात साहित्य संमेलन झालं. प्राचार्यांनी मावशीला बोलावलं होतं. एक समीक्षक म्हणाले, "याचा कवी ठाऊक नाही, छापील संहिता नाही, मग याला साहित्य कसं म्हणावं?" कवी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर पदर सावरून बसली होती. मला त्या माणसाचा भयंकर राग आला.

"मावशी, एखादा नमुना होऊन जाऊ द्या," प्राचार्य म्हणाले.

"मढं कोनाचं हाय?"

सभागृह हसलं. मी उठले, "सर, राहू द्या," म्हणाले. त्यांनी हातानेच मला खाली बसवलं. "कुणाचंही घ्या, मावशी!"

मावशीने माझ्याकडे पाहिलं आणि गळा काढला. पेरू आला, पोपट आले, डबा आला. तयार बोल तेवढेच होते तिच्याकडे. आता आईचं नाव येणार, सुमन येणार. आणि मावशी म्हणाली, "द्वारके, कुठं गेली वं माय!"

द्वारका हे मावशीचं स्वतःचं नाव. गावालाही ते आठवत नव्हतं. टाळ्या खूप वाजल्या. समीक्षक डोळे पुसत होते.

आई हळूहळू उठून बसली. होळीच्या आधी मावशी गेली. अंगणात बायका जमल्या, पण तिच्यासाठी बोल कुणाकडेच नव्हते. नुसत्या हुंदक्यांवर तिला नेणार, एवढ्यात आई माझा हात धरून पुढे झाली आणि मावशीच्या उशाशी बसून तिने गळा काढला. इतकी वर्षं मागून सूर धरणारी माझी आई, ती बोल कधी शिकली मला कळलंच नाही.

आता तूर निवडताना आईचे ओठ हलतात. काल सुट्टीला घरी आले, तर दारातच पाय थांबले. आईच्या गुणगुणण्यात देऊळगावची एसटी होती, खडूने पांढरे झालेले हात होते.

"आई, कोणाचे बोल?"

"चाल घरात," आई म्हणाली, "भाकर जळून राह्यली."

मी आत गेले. गॅस बंद होता.