तार काढलेला पंप

भुताखेतांच्या बातम्या वर्तमानपत्राच्या कचेरीत आल्या की त्या रद्दीत टाकायचं काम माझं होतं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. म्हणून पाहिलं आणि ऐकलं तेवढंच लिहितो.

महायुद्धाची वर्षं, डिसेंबर महिना. पासलीला, आमच्या गावी, मळणी चालू असताना बैलाचं शिंग माझ्या थोरल्या भावाच्या पोटात घुसलं. गावकऱ्यांनी दादाला बैलगाडीतून वेल्ह्याला आणलं. निरोप मिळताच मी मित्राची जुनी विलायती स्पोर्ट्स कार घेऊन पुण्याहून निघालो. दोनच सीटची गाडी. वेल्ह्याच्या वैद्यांनी जखम बांधली होती. "दिवस मावळायच्या आत ऑपरेशन झालं तर वाचेल," ते म्हणाले.

दादाला शेजारच्या सीटवर बसवून पुण्याकडे परतताना, नसरापूरच्या वाटेवर, भर दुपारी, एका चढावर इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

त्या गाडीची टाकी मागे, खालच्या अंगाला. पेट्रोल वर इंजिनाकडे ढकलायला विजेवर चालणारा छोटा पंप. स्विच दिला की तो टकटक करतो. आता तो गप्प होता. मी बॉनेट उघडून पंपावर पान्यानं हलकेच ठोकलं... काही नाही. स्विच बंद करून तार तपासायला गेलो, तर ती जळून मुळाशीच तुटलेली; हातात आली.

"किती येळ रं?" दादा पुटपुटला.

"झालंच."

पोटावरचं धोतर पुन्हा लाल झालं होतं. त्याचे डोळे मिटत होते.

तेवढ्यात खालच्या खाचरातून मेंढरं वर आली आणि गाडीभोवती दाटली. मागून काठी आपटत एक धनगर म्हातारी.

"कोन रं माजी मेंढरं बोलवतंय? चोरायची हायेत व्हय?"

"आजी, कोणी बोलावलं नाही. गाडी बंद पडलीय, भाऊ जखमी आहे."

"मग म्या काय भैरी हाय? जीब टाळूला लावून टकटक केली की येत्यात ती. कवाधरनं चाललीया तुमची टकटक!"

मला काहीच ऐकू येत नव्हतं. तिनं वाकून पंपावर बोट ठेवलं.

"ह्यो बगा. ह्यो बोलवतोय."

मी हात लावला. पंप एका लयीत थरथरत होता — मग मलाही टकटक ऐकू आली. तार माझ्या दुसऱ्या हातात होती.

"हुबं काय ऱ्हायलाय? न्या की त्येला!" म्हातारी मेंढरं हाकत ओरडली.

मी स्विच दिला आणि इंजिन सुरू झालं. कात्रजचा घाट चढेपर्यंत मी फक्त तो आवाज ऐकत होतो. इस्पितळाच्या दारात दादाला स्ट्रेचरवर घेतलं आणि टकटक थांबली. ऑपरेशन वेळेत झालं. दादा वाचला.

मेकॅनिकनं पंप उघडला, तर आतली तारेची गुंडाळी जळून काळी पडली होती. "ही गाडी ढकलत आणलीत का?" त्यानं विचारलं. उतारावर आपोआप पेट्रोल आलं म्हणावं, तर घाट चढून आलो होतो. खुलासा मला तेव्हा सापडला नाही, अजूनही नाही.

दादा हिंडूफिरू लागल्यावर मी त्याला विचारलं, ती टकटक तूही ऐकलीस का.

"व्हय तर. तुज्या आदी म्याच ऐकली," तो म्हणाला. "मला वाटलं, मलाच बोलवत्यात. म्या निगालोच हुतो... पन मेंढरं आदी पोचली."