बागेतलं माकड चावलं, अन् मी लपवलं

माकडानं केळं खाली टाकलं आणि माझ्या पोरीचा हातच धरला, दातात. ते आज पण डोळ्यापुढनं हालत नाय. ती किंचाळली, मी ओढली, रक्त आलं, मागनं वॉचमन ओरडत आला, "ओ बाई, खायला देऊ नका म्हणून बोर्ड लावलाय, पुण्यात वाचायची पद्धत आहे!" मी पोरगी काखेला मारली आणि पळाले. तिचं अंगणवाडीचं दप्तर तिथंच राहिलं.

सासूबाईंना सांगितलेलं, डोस द्यायला दवाखान्यात जाते. पोरीनं हट्ट धरला माकडं बघायचा, म्हणून गेले. पेशव्यांच्या काळातली बाग ती, मोर, माकडं मोकळी फिरत्यात. शनिवार, मारुतीचा वार, म्हणून केळी घेतली. देवाचं जनावर, त्याच्या दाताला कसलं इख, असं वाटलं मला. घरी गुपचूप हळद-चुना भरला, लांब बाह्यांचा फ्रॉक घातला. पडली म्हणून सांगितलं. खरं कळलं तर नवरा माहेरी नेऊन सोडंल, हीच भीती.

नवव्या दिवशी पोलिसांची गाडी लोणी गावात, आमच्या दारात. ते माकड पिसाळून मेलं होतं. वॉचमननं दप्तर चौकीत दिलेलं, आत पोरीचं नाव, गावाचं नाव. पिकल्या केसांचे एक साहेब उतरले.

"बागेत गेला होता का?"

"नाय साहेब."

सासूबाई म्हणाल्या, "आमची सून दवाखाना सोडून कुठं जात नाय."

"मग दप्तर एकटंच फिरायला गेलं?"

तरी मी नाय नायच म्हणत राहिले. साहेबांनी मी सोडून सगळ्यांना बाहेर काढलं, पोरीपुढं उकिडवे बसले. "बाळा, एवढ्या उकाड्यात लांब बाह्या? गरम होत नाय?"

पोरीनं बाही वर केली. "माकड चावलं. आई म्हणली सांगायचं नाय."

साहेब रागावले नायत. म्हणाले, "मला खोटं सांगितलंस ते राहू दे. डॉक्टरला खोटं सांगू नको. चल, बस गाडीत."

दवाखान्यात जखमेतच सुया मारल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्याच दिवशी साबणानं धुऊन आणायचं होतं. आता खात्री मी देणार नाही. लक्ष ठेवा."

साहेब मागच्या महिन्यात रिटायर झाले. म्हणाले, "ही केस मी पेपरात लिहिणार होतो, पण तूच सांग, बायका तुझं ऐकतील. चोरापेक्षा भ्यालेलं माणूस जास्त लपवतं, एवढं मी शिकलो." मला कळलं ते एवढंच, की मी घरच्यांना भ्याले आणि पोरीचे नऊ दिवस घालवले.

सुया संपल्या. पण तो पिसाळायचा रोग उठला तर आधी पाणी गिळवत नाय म्हणे. पोरगी पेला तोंडाला लावती, घोट खाली जातोय तोवर मी श्वास घेत नाय. परवा नुसता ठसका लागला तर मी बोंबलत रस्त्यावर आले. सासूबाई बोलत नायत, नवरा माझ्याकडं बघत नाय. तुम्ही सांगा, खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही असता, तर उंबऱ्यात पाय ठेवल्या ठेवल्या सांगितलं असतं?