ज्ञानोबाच्या बाटलीतले खडे

मंडळी, आज सकाळी माझा नुसता जळफळाट झाला. तुमच्यापासून काय लपवू!

पन्नासच्या दशकात, पोरसवदा असताना माझं अपेंडिक्स फुटलं. महाळुंग्याहून बैलगाडीनं चिंचवड, तिथून रेल्वेनं पुणं. पोटावर वीतभर व्रण राहिला. पोट फाडून जिवंत परतलेला गावातला पहिला मीच. तेव्हापासून पारावर सदरा वर केला की सगळे गप्प.

आज माझा दोस्त ज्ञानोबा पित्ताशय काढून पारावर आला. दोनच दिवसांत घरी, पोटावर चार बारकी भोकं. पण त्यानं खिशातून काढली डॉक्टरांनी दिलेली बाटली, आत पित्ताचे खडे! जो तो हलवून बघू लागला. मी सदरा वर केला, तर पारावरचा सखाराम म्हणतो, "आप्पा, झाका आता. कितींदा बघायचं?"

तोंड पाडून निघालो. ज्ञानोबा मागं आला. "आप्पा, शिंकलं की टाकं उसवत्यात का रं? लई भ्या वाटतंय. तुझ्याबिगर कुणाला इचारू?"

"पोटाशी उशी धर अन् शिंक बिनघोर."

मग बाटली मागून घेतली. खडे चांगले हरभऱ्याएवढे होते. मी म्हणालो, "मुगाएवढंच तर हायती."

सांगा मंडळी, मैत्रीत एवढं चालतं ना?