चपलांपाशी

अंबरनाथला शिवरात्रीची जत्रा भरली की आमच्या घरचा एकच नियम असायचा. हरवलं तर रडत फिरायचं नाही, सरळ चपलांपाशी यायचं. चपला फुलवालीच्या बाकड्याखाली काढलेल्या असत. मी दर वर्षी हटकून हरवायचे आणि दर वर्षी आई तिथेच, कमरेवर हात ठेवून उभी सापडायची.

पुढे, नव्वदच्या दशकात, नोकरीसाठी मी बर्लिनला गेले. दोन वर्षांनी आईला महिनाभर बोलावून घेतलं. तिथली भुयारी मेट्रो मला तोंडपाठ होती आणि त्याचा तोराही भलताच होता. "तू फक्त माझ्या मागोमाग ये," असं मी आईला रोज बजावायचे. पत्त्याची चिठ्ठी तिच्या पर्समध्ये ठेवावी, हे डोक्यातही आलं नाही. मी असताना चिठ्ठी कशाला?

एका दुपारी एका मोठ्या भुयारी स्टेशनात आम्हाला गाडी बदलायची होती. मी डब्यात शिरले. आई निऱ्या सावरायला क्षणभर थांबली, तेवढ्यात दार बंद झालं. काचेतून मी हातवारे करत राहिले, "तिथेच थांब!" ती शांतपणे मान हलवून काहीतरी बोलली आणि गाडी बोगद्यात शिरली.

पुढच्या स्टेशनावर उतरून मी उलटी गाडी पकडली. सात-आठ मिनिटांत त्याच फलाटावर परत आले, तर आई नाही. तिला जर्मनचा एक शब्द येत नव्हता, जवळ पत्ता नव्हता. मी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा पळाले. गणवेशातल्या एका बाईला हिरवी साडी समजावून सांगू लागले, पण ऐन वेळी 'हिरवी'लाच शब्द आठवेना. माझ्या शहाणपणाची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मग काचेपलीकडची ती हलणारी मान आठवली. इतकी निवांत होती, म्हणजे कुठे भेटायचं हे तिच्या लेखी ठरलेलंच होतं. आणि माझी ट्यूब पेटली.

वरच्या मजल्यावर, तिकिटांच्या यंत्रांपलीकडे, बूट दुरुस्त करणाऱ्याची टपरी होती. गाडी बदलताना आम्ही रोज तिच्यासमोरून जायचो. दोन-दोन पायऱ्या ओलांडत मी वर पोचले.

कारागिराने दिलेल्या स्टुलावर आई ऐसपैस बसली होती. मी दिलेले बूट तिने काढून समोर जोडीने मांडून ठेवले होते. मी तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडले. तिने रडू दिलं. मग बुटात पाय घालत म्हणाली, "काय गं, एवढा वेळ? लहानपणी तर सरळ यायचीस."